नाकतोड्याचा खटका

३ फेब्रुवारी

बाळ्या,

वर 'आशीर्वाद' लिहिणार होते. पण तो तू ठेवून घेशील की तसाच परत पाठवशील कोण जाणे, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. परवा घरी आले तर भावजयीनं दार अर्धं उघडलं आणि म्हणाली, "ताई, आत्ता नको." आत्ता नको म्हणजे कधी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. म्हणून पत्र. फार तर केराच्या टोपलीत जाईल, पण जाण्याआधी दोन ओळी तरी वाचशील.

ठमीची पट्टी काढली, असं आमच्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या. त्या त्याच हॉस्पिटलात आहेत. सख्ख्या भाचीची खबर मला शेजारणीकडून कळते, बघ. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो, म्हणाल्या. मी म्हटलं, सुधारेल हळूहळू. त्या पिशवी उचलून आत गेल्या.

आता तुझ्या बोलण्याचं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून तू सगळ्यांदेखत म्हणालास, "तूच आणलंस, आणि चांगलं आहे म्हणून तूच छापलंस." दोन्ही गोष्टी खऱ्या, नाकारून जाऊ कुठे? कारखान्यातून सुटल्यापासून सहा वर्षं मी त्या मासिकात खेळण्यांच्या किटची परीक्षणं लिहिते. लाकडी घुबड, पत्र्याचं कासव, चालणारा खेकडा, अशी एकोणचाळीस किट बांधून झाली. हा नाकतोडा चाळिसावा. पोलादी पत्रा, एकशे शेचाळीस भाग, पोटात स्प्रिंग, पाठीवर चावी. चावी द्यायची, शेपटाजवळची कळ दाबायची, की मागच्या दोन तंगड्या झाडून टुणकन वीतभर उडतो. मी तो माझ्या टेबलावर बांधला आणि बारा वेळा उडवला. एकदाही दगा दिला नाही. म्हणूनच लिहिलं की 'आठ वर्षांपुढच्या कुठल्याही मुलानं बेधडक बांधावा'. कंपनीनं पाठवलेली दुसरी पेटी ठमीच्या वाढदिवसाला दिली, ती काय वैर साधायला?

मग तुमच्याकडे असं कसं झालं? राग मानू नकोस, विचारते फक्त. सूचनांच्या पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलंय, चावीचे सोळा वेढे, त्यावर एकही नाही. ठमीचा उत्साह तुला माहीत आहे. तिनं जास्त तर पिळली नव्हती ना? आणि पिळताना तू जवळ होतास का?

मी दोष देत नाही. मला फक्त कळायला हवं.

ताई


११ फेब्रुवारी

बाळ्या,

मागच्या पत्रातला प्रश्न मी मागे घेते. तू उत्तर दिलं नाहीस ते बरंच केलंस.

नर्सबाई काल चहाला आल्या होत्या. त्यांनी सहज सांगायला सुरुवात केली आणि माझा चहा तसाच राहिला. म्हणाल्या, ठमी पाण्याच्या बाटलीचं झाकण स्वतः उघडत नाही. दुसऱ्याला सांगते. त्यांनी विचारलं, हात दुखतो का गं? तर म्हणाली, "नाही. मी पिळलं की मोडतं." आणि मग आपण होऊन म्हणाली, "मीच जास्त पिळली. बाबांनी सांगितलं होतं, हळू." दप्तराची चेनसुद्धा तिची आई लावते म्हणे.

बाळ्या, ही ती पोर आहे, जिनं सहाव्या वर्षी माझं गजराचं घड्याळ उघडून परत बंद केलं होतं. एक स्क्रू बाहेर उरला, तर मला म्हणाली, "आत्या, हा त्यांनी चुकून जास्तीचा घातला होता." घड्याळ चालत होतं, त्यामुळे मला भांडताही येईना. त्या पोरीनं बाटलीच्या झाकणाला भ्यावं? डोळ्याचं दुःख आहेच, ते डॉक्टरांच्या हातात आहे. पण हे तिच्या मनात बसलंय ते कुणीतरी काढायला हवं. तू काढ, भावजयीनं काढावं, नाहीतर मला येऊ दे.

मधल्या दिवसांत मी नुसती बसले नव्हते. दुकानात जाऊन तोच नाकतोडा विकत घेतला, त्याच छापाची पेटी. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "काय ताई, परीक्षण झालं ना याचं? आवडला वाटतं फारच." मी हो म्हटलं. काय बोलणार?

सोमवारपासून तो परत बांधायला घेतला. पत्र्यातून एकेक भाग मोडून काढायचा, कडा घासायच्या, चिमट्यानं खाचेत सरकवायचा आणि कान दुमडायचा. पंख इतके पातळ की श्वास जोरात सोडला तर टेबलावरून खाली जातात. दुसऱ्या दिवशी डोकं तयार झालं, मिशा लागल्या. खरं सांगते, माझे हात रमले. गुणगुणायलासुद्धा लागले होते. मग एकदम आठवलं की आपण कशासाठी बसलोय, आणि मला स्वतःची किळस आली.

काल पायरी एक्केचाळीसला पोचले. खटका बसवणे. चावी देताना टक् टक् वाजतो ना, तो खटका. नखाएवढा तुकडा असतो. दातेरी चाकाच्या दातात अडकून तो स्प्रिंगला उलटं फिरू देत नाही. या पेटीतला खटका किंचित आखूड आहे. जरासा वाकवला, टोक घासलं, की बसतो. असं असतंच, दर किटमध्ये कुठे ना कुठे थोडा हात लावावाच लागतो.

उरलेलं पुढच्या आठवड्यात. तंगड्या अजून लावायच्या आहेत. ठमीला माझ्याबद्दल काही सांगू नकोस, नुसतं तिच्या हातात बाटली दे आणि थांब. उघडेल ती.

ताई


१९ फेब्रुवारी

बाळ्या,

तू छापखान्यात जन्मभर प्रुफं वाचलीस. लोकांचे सुटलेले अनुस्वार दहा हातांवरून धरतोस. तेव्हा माझ्या मागच्या पत्रातला 'थोडा हात' तुझ्या नजरेतून सुटला असेल असं मी समजत नाही. वाचलं असशील तर. न वाचता फाडलं असशील तर मी इथे भिंतीशी बोलतेय. पण एवढं आलंय ते सांगूनच टाकते.

आमच्या जोडणीच्या खोलीतली एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. अठ्ठावीस वर्षं मी दाब मोजायची प्रेशर गेज जोडली, तुझी फी त्यातूनच गेली, पण आत काय चालायचं ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तिथे एक लाल वही असायची. एखादा भाग सदोष निघाला की तिच्यात नोंद करायची, साहेबाची सही घ्यायची, भाग परत करायचा, दुसरा येईपर्यंत हात बांधून बसायचं. आणि महिनाअखेरीला जिच्या नावापुढे नोंदी जास्त, तिलाच साहेब विचारणार, "बाई, तुमच्याच टेबलावर कसे सगळे वाईट भाग येतात?" म्हणून खोलीतल्या बायकांचा एक रिवाज होता. हातातलं हातात. म्हणजे जे हातात दुरुस्त होतं ते वहीत जात नाही. नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी थोरली कुणीतरी तिच्या कानात हे सांगायची. मला सांगितलं गेलं, पुढे मी कितीजणींना सांगितलं. अठ्ठावीस वर्षांत लाल वहीत माझं नाव चार वेळा आलं. निरोप समारंभात साहेबानं ते भाषणात सांगितलं आणि मी मान खाली घालून लाजले होते.

आता माझी कामाची वही. दर किटच्या दर पायरीला किती वेळ लागला ते मी टिपते, शेजारी शेऱ्याचा रकाना असतो. काल नाकतोड्याचं पान काढलं. पहिल्या वेळचं, डिसेंबरातलं. पायरी चाळीस, तीन मिनिटं. पायरी बेचाळीस, दोन मिनिटं. मधली एक्केचाळीस, अकरा मिनिटं. शेरा काही नाही.

तुकडा उचलून खिळीवर अडकवायचा, एवढीच ती पायरी. अकरा मिनिटं मी काय करत होते, हे मला विचारायची गरज नाही. भिंग, बारीक कानस, पक्कड. तोही खटका आखूडच होता. मी तो ओढून-घासून पुरा केला आणि पुढे गेले. मग परीक्षणात लिहिलं, 'जोडणी लोण्यासारखी'.

पण हे हातांनी केलं, बाळ्या. हातांना सवय. माझ्या डोक्यापर्यंत ते आलंच नाही. शपथ घेऊन सांगते.

ताई


२ मार्च

बाळ्या,

दहा-बारा दिवस पत्र नाही म्हणून तू सुटकेचा श्वास टाकला असशील. मी दुकानातून आणखी तीन पेट्या आणल्या होत्या. एकूण चार. एक सुधारून बांधली होतीच, तिचा खटका काढून एका नव्या पेटीतल्या न सुधारलेल्या खटक्याशी मापला. मग बाकीच्या तीन पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बांधल्या. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे म्हणजे अगदी तसंच, पत्र्यातून काढला तसाच भाग लावला, पक्कड हाताशी ठेवलीच नाही. फार जड गेलं. वाकडं दिसत असताना सरळ न करणं म्हणजे काय, हे तुला प्रुफात चूक दिसून पेन बाजूला ठेवावं लागलं तरच कळेल.

मग एकेकाला स्वयंपाकघरातल्या जुन्या अॅल्युमिनियमच्या परातीत उभं केलं, पाय तारेनं बांधले, डोळ्यांवर कारखान्यातला चष्मा चढवला आणि चावी दिली. मोजून.

पहिला सोळा वेढे झाले तरी धरून राहिला. दुसऱ्याचा खटका अकराव्या वेढ्याला सुटला. तिसरा चौदाव्या वेढ्याला नुसता धरून बसला होता, मी हात काढला आणि अर्ध्या मिनिटानं, कुणी कळ दाबली नसताना, सुटला. तंगडीनं तार तोडली आणि परातीला पोचा पाडला. मी दोन पावलं मागे होते तरी ओरडले. खालून नर्सबाई धावत आल्या.

तू हॉस्पिटलात डॉक्टरांना सांगत होतास ते मी ऐकलं होतं. चावी दिली, कळ दाबली, उडाला नाही, म्हणून ठमी काय अडलंय ते बघायला वाकली. तेवढ्यात उडाला. हे अगदी तसंच आहे. अर्धवट धरलेल्या खटक्यानं कळ अडकली म्हणून उडाला नाही, आणि मग आतून खटका सुटून सगळा जोर एकदम तंगड्यांत गेला. ठमीनं किती वेढे दिले होते याला काही अर्थच नाही. पाच दिले असते काय आणि पंधरा दिले असते काय, तिनं जे केलं ते पुस्तकातलं होतं. तिनं जास्त पिळली नव्हती. हे वाक्य तू तिला आजच्या आज सांग. माझं नाव न घेता सांगायचं तर तसं सांग.

आता दुसरं. हे लिहायला मी सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा तर उगाच कपाट आवरलं.

अपघातानंतर आठव्या दिवशी कंपनीचा माणूस माझ्याकडे आला होता. तरुण, नम्र, बूट बाहेर काढून आत आला. म्हणाला, "तुमच्यासारख्या अनुभवी व्यक्तीचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." मी त्याला बिस्किटं दिली. त्यानं फायलीतून छापील कागद काढला. 'मी सदर किट सूचनेप्रमाणे जोडले. कोणताही भाग बदलला, घासला वा वाकवला नाही. किट निर्दोष चालले.' खाली सहीची जागा. त्यात 'घासला' हा शब्द होता, बाळ्या. तो मी वाचला. भिंगाशिवाय वाचता येईल एवढा मोठा होता. आणि मी सही केली.

तू विचारशील का केलीस. भ्याले. मला वाटलं, आता हे सगळं माझ्या नावावर चढणार. लाल वही कधीचीच मागे राहिली, पण भीती तीच. तो गेल्यावर मी त्याची बिस्किटांची ताटली विसळली आणि दुसऱ्या दिवशी तुला पहिलं पत्र लिहिलं, ज्यात विचारलं की ठमीनं जास्त तर पिळली नव्हती ना.

कंपनीनं तुला पाठवलेल्या पत्राचं नर्सबाईंकडून कळलं. जोडणी करताना मुलीकडून चूक झाली असं त्यात म्हटलंय, त्याला आधार माझ्या सहीचा आहे. तुला आजवर वाटत असेल की बहीण निष्काळजी निघाली. ती तेवढीच निघाली असती तर बरं झालं असतं.

ताई


१० मार्च

बाळ्या,

सोबत एक कागद आहे. त्याची एक प्रत कंपनीला रजिस्टर केली, एक ग्राहक तक्रार कचेरीतल्या चौकशी अधिकाऱ्याला हातात दिली आणि पोच घेतली. तिसरी ही तुझी. मी सही मागे घेतली आहे. काय घासलं, किती घासलं, वहीचं पान, तिन्ही नाकतोड्यांची तपासणी, सगळं आहे. पोचा पडलेली परातसुद्धा पिशवीत घालून नेली होती. अधिकारी बाई म्हणाल्या, "ही इथे ठेवून जायची?" मी म्हटलं, हो, आता तिचा घरी काही उपयोग नाही. त्यांनी परातीला नंबर दिला.

त्यांनी हेही सांगितलं की खोटी सही केल्याबद्दल माझ्यावर काही होऊ शकतं. होऊ दे. हे मी तुला माझी कीव यावी म्हणून सांगत नाही. उगाच दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगते.

मासिकातही गेले होते. आमचे संपादक, ज्यांना सगळे घाईबुवा म्हणतात, ते एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं वडा खात होते. म्हणाले, "ताई, चूक सगळ्यांकडून होते. दोन ओळींची दुरुस्ती टाकू शेवटच्या पानावर." मी म्हटलं, परीक्षण पानभर होतं, दुरुस्तीही पानभर आणि त्याच जागी. ते म्हणाले, "अहो, मग पुढे तुमचं परीक्षण वाचणार कोण?" म्हटलं, कोणी वाचू नये म्हणूनच तर. फोन ठेवून ते माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघत राहिले. छापतो म्हणालेत. छापतील की नाही ते अंक आल्यावर दिसेल. माझं नाव मात्र त्यांनी लगेच पुढच्या अंकाच्या फळ्यावरून पुसलं, त्या कामात घाई केली.

दुकानदारानं नाकतोडे मांडणीवरून काढून आत ठेवलेत. "कंपनीनं परत घ्यायला नको का, ताई?" असं चिडून म्हणाला. पण ठेवलेत.

आता जे उरलंय ते तुझ्याकडे आहे, आणि ते सोपं नाही हे मला कळतं. ठमीनं नर्सबाईंना सांगितलंय, त्या दिवशी घाबरून तूही तिला ओरडलास, "हळू म्हणून सांगितलं होतं ना!" ओरडणारच. माझा हात कापला तरी तू लहानपणी मलाच ओरडायचास. पण ठमीच्या डोक्यात ते ओरडणं बसलंय, आणि कंपनीच्या पत्रानं त्यावर शिक्का मारला. ते काढायचं तर तुला तिच्यापुढे बसून म्हणावं लागेल की बाबाचंही चुकलं. तू फार मानी आहेस. मीच तसा वाढवला. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, आणि कुणापुढे नमतं घ्यायचं नाही हे मीच तुला शिकवत बसले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

माझ्याशी बोलू नकोस. आयुष्यभर बोलला नाहीस तरी माझं म्हणणं नाही. पण हा कागद ठमीला वाचून दाखव. नऊ वर्षांची आहे, तिला कळेल. खटका म्हणजे काय हे तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

ताई


१७ मार्च

बाळ्या,

तुझं पत्र आलं. दीड ओळ, तीही पेन्सिलनं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी जिन्यातच बसले होते. नर्सबाईंना वाटलं चक्कर आली.

'कागद तिला वाचून दाखवला. ती विचारते, आत्याला पेटी देताना माहीत होतं का?'

तू खाली काही लिहिलं नाहीस. तुलाही तेच विचारायचं असेल.

चौथ्या दिवशी उत्तर लिहिते आहे. तीन दिवस मी शब्द शोधत होते, आणि सापडत होते ते सगळे पळवाटेचे. मागे एका पत्रात मी शपथ घेतली होती की हातांनी केलं, डोक्यापर्यंत आलं नाही. ती शपथ खोटी होती. अकरा मिनिटं डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बाईला कळत नाही असं होतं का? मला कळलं होतं. 'आखूड आहे, लहान मुलाला जमणार नाही' असं मी मनात म्हटलं होतं, चक्क शब्दांत. लिहिलं नाही, कारण कारखान्यात लिहीत नसत. एवढ्यावर थांबले असते तर निदान सवयीवर बोट ठेवता आलं असतं.

पण वाढदिवसाचा दिवस वेगळा होता, आणि ठमी त्या दिवसाबद्दल विचारते आहे.

तीन वर्षं ती दर रविवारी माझ्याकडे यायची. आम्ही दोघी टेबलावर डोकी घालून बसायचो, कासव बांधलं, खेकडा बांधला. दिवाणावर तिचे पाय हलत असायचे, मी म्हणायची, पाय हलवू नकोस, टेबल हलतं. मग पोहण्याचा वर्ग सुरू झाला, मैत्रिणी झाल्या, एक रविवार चुकला, दोन चुकले, आणि नोव्हेंबरपासून ती आलीच नाही. यात तिचं काही चुकलं नाही. मुलं मोठी होतात. मी फोनवर म्हणायची, ये बाई कधीतरी, आणि ती म्हणायची, "येते ना आत्या, नक्की."

वाढदिवसाला मी पेटी तिच्या हातात दिली. कागद फाडून तिनं नाकतोड्याचं चित्र पाहिलं आणि उडीच मारली. तुला आठवत असेल. मग माझ्यापुढे बोट नाचवत म्हणाली, "आत्या, हा मी एकटीनं बांधणार. तू एकही स्क्रू लावायचा नाहीस. लावलास तर कट्टी!" सगळे हसले. मीही हसले.

तेव्हा माझ्या जिभेवर होतं, 'एक्केचाळिसाव्या पायरीला थांब आणि मला दाखव.' एवढं एक वाक्य. ती ऐकत उभी होती, तोंडाला केक लागला होता. मी ते गिळलं. मुद्दाम गिळलं, बाळ्या. मला वाटलं, खटका धरणारच नाही. चावी नुसती गर्रकन उलटी फिरेल, उडी मारणार नाही, ही दोन दिवस खटपट करेल, रडकुंडीला येईल आणि रविवारी पेटी काखेत मारून माझ्या दारात उभी राहील. मी म्हणेन, आण बघू इकडे. जन्मभर असले खटके हाताळलेली मी, आखूड खटका अर्धवट धरून मग सुटतो, हे मला माहीत असायला हवं होतं. ते मला त्या वेळी आठवलंच नाही. माझं सगळं लक्ष रविवारकडे होतं.

ती आत केक घ्यायला गेली आणि भावजयीनं मला चहा दिला. चांगला झाला होता, मी दुसरा कप मागितला.

आता तुझ्या दीड ओळीचं उत्तर. तू तिला ते मऊ करून सांगशील, मला माहीत आहे, तू तिचा बाप आहेस आणि रागावला असलास तरी माझा भाऊ आहेस. तसं करू नकोस. आत्याला तुला इजा करायची नव्हती, असंही म्हणू नकोस. ते खरं आहे, पण तिनं ते का ऐकून घ्यावं? ती परत कधी माझ्या दारात येईल म्हणून मी हे लिहीत नाही. येऊ नये तिनं.

तिला बस एवढं सांग. हो, आत्याला माहीत होतं. तुझं अडावं आणि तू तिच्याकडे यावंस, म्हणून ती गप्प बसली.

ताई